निःस्वार्थ प्रीती शक्य आहे काय?

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी भरलेल्या एका चिंतनशिबिरात एका वयोवृद्ध धर्मशिक्षकाने प्रस्तुत लेखकाला एकांतात गाठून एक प्रश्न विचारला. त्यांच्या अनुमतीने तो येथे मांडीत आहे. सीमाभागातील त्यांच्या गावी अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेला एक म्हातारा शेतकरी आहे. तो ख्रिस्ती नव्हे. मुलगा परगावी कामाला, सून दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर. म्हाताऱ्याच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या. हे धर्मशिक्षक चार वर्षे, आठवड्यातून तीनदा, त्याच्या घरी जाऊन त्या जखमा धूत आणि मलमपट्टी करीत. गावात त्यांचे नाव झाले. देवळाच्या पारावर बसणारी मंडळीसुद्धा त्यांना पाहून उठून उभी राहू लागली. पुढे शासनाच्या उपकेंद्रात एक परिचारिका नव्याने रुजू झाली. तिने म्हाताऱ्याला तपासले, औषध बदलले, घरच्यांना काही गोष्टी शिकविल्या, आणि चार वर्षे न भरलेल्या जखमा तीन महिन्यांत भरून आल्या.

“फादर,” ते म्हणाले, “म्हाताऱ्याची पाठ कोरडी झालेली मी पाहिली. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. माझे काहीतरी कोणी उचलून नेले असे वाटले. मग इतकी वर्षे मी त्याची सेवा करीत होतो की स्वतःची?” आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, “असली सेवा सोडून देणेच बरे नव्हे काय?”

अशा वेळी आपण वडीलधारी माणसे जे बोलतो तेच मी बोललो. हा मोह आहे, त्याकडे लक्ष देऊ नका, काम चालू ठेवा. त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि असमाधानी मनाने ते गेले. ते उत्तर अपुरे होते हे मला त्याच रात्री कळले. हा लेख म्हणजे त्यांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय. असा प्रश्न घेऊन पापनिवेदनास येणारी माणसे आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा भेटतात, म्हणून ते सर्वांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या प्रश्नाचे सर्वांत ढोबळ रूप पाहू. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज (१५८८–१६७९) यांच्याविषयी त्यांचे स्नेही व चरित्रकार जॉन ऑब्री यांनी एक आठवण नमूद केली आहे. लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर एका जराजर्जर भिकाऱ्याला हॉब्ज यांनी सहा पेन्स दिले. जवळच उभ्या असलेल्या एका धर्मोपदेशकाने विचारले, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर आपण हे दान केले असते काय? हॉब्ज यांनी होकार दिला आणि कारणही सांगितले. म्हाताऱ्याची दैना पाहून आपल्याला क्लेश झाले. दानाने त्याला थोडा आराम पडला, तसा आपल्यालाही पडला. या उत्तरात एक संपूर्ण मत दडलेले आहे. मनुष्य देतो ते स्वतःच्या मनाची टोचणी थांबविण्यासाठी. मग तो सहा पेन्स देवो की प्राण देवो, हिशेब स्वतःच्याच खात्यावर मांडला जातो.

मराठी वाचकाला येथे बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्य–मैत्रेयी संवाद आठवेल. पती, पत्नी, पुत्र, वित्त ही सारी आत्म्याकरिता प्रिय होतात, असा त्या उपदेशाचा आशय आहे. लोकमान्य टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात स्वार्थ आणि परार्थ यांचा ऊहापोह करताना हॉब्ज यांच्या मताचाही परामर्श घेतलेला आहे. आपल्यापैकी काही प्रवचनकार याज्ञवल्क्यांचे हे वचन हिंदूंच्या आत्मकेंद्रिततेचा पुरावा म्हणून पुढे करतात. हा अन्याय आहे. तेथील आत्मा म्हणजे पारावर मान मिळाला की सुखावणारा ‘मी’ नव्हे. तो ‘मी’ ओलांडून जावयाचे आहे हेच तर मैत्रेयीला शिकविले जात आहे. त्या शिकवणुकीशी आपला मतभेद असू शकेल, परंतु तिला हॉब्ज यांच्या पंक्तीला बसविणे योग्य नाही.

हॉब्ज यांना समर्पक उत्तर दिले ते जोसेफ बटलर यांनी. लंडन येथील रोल्स चॅपेलमध्ये दिलेली त्यांची प्रवचने १७२६ साली ग्रंथरूपाने निघाली. पुढे ते अँग्लिकन पंथाचे बिशप झाले. त्यांचा युक्तिवाद आपल्या भाषेत असा मांडता येईल. तापाने फणफणलेल्या लेकराचा ताप पहाटे उतरला की आईला हलके वाटते. परंतु हे हलके वाटणे कशामुळे संभवते? रात्रभर तिचे सारे चित्त लेकरावर होते म्हणून. लेकराविषयी तिला काहीच वाटत नसते तर ताप उतरल्याने तिला काय मिळाले असते? म्हणजे दुसऱ्याच्या हिताची इच्छा अगोदरची आणि समाधान मागाहूनचे. जे मागाहून येते ते अगोदरच्याचे कारण कसे होईल? हॉब्ज यांना आराम पडला हे खरे. पण भिकाऱ्याच्या दुःखाने ते व्याकुळ झाले होते म्हणूनच तो पडू शकला. आणि केवळ मनाची टोचणी थांबवावयाची असेल तर सहा पेन्स खर्च न करताही एक सोपा उपाय असतो. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने निघून जावे. यरीहोच्या वाटेवरील याजक आणि लेवी यांना तो ठाऊक होता.

हाच मुद्दा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तपासून पाहिला. एका तरुणीला विजेचे झटके बसत आहेत असे विद्यार्थिनींना दाखविण्यात आले (प्रत्यक्षात झटके दिले जात नव्हते). काहींना थोडे पाहून निघून जाण्याची मोकळीक होती, काहींना शेवटपर्यंत पाहत बसावे लागणार होते. सर्वांनाच, इच्छा असल्यास तिची जागा स्वतः घेण्याची मुभा होती. ज्यांना तिच्याविषयी फारसे ममत्व वाटत नव्हते त्यांच्यापैकी, मोकळीक मिळताच, बहुतेकींनी निघून जाणे पसंत केले. ज्यांच्या मनात ममत्व जागे झाले होते त्यांच्यापैकी बहुतेकींनी निघून जाता येत असतानाही तिची जागा घेण्याची तयारी दर्शविली. एवढ्यावरून मनुष्याच्या अंतःकरणाचा निकाल लागत नाही, आणि त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वादही झाले. तरी पण सहानुभूती म्हणजे स्वतःची टोचणी थांबविण्याची युक्ती, एवढेच म्हणून आता भागत नाही. (जीवशास्त्रज्ञही परार्थ हा शब्द वापरतात. परंतु मुंगी किंवा मधमाशी यांच्याविषयी बोलताना त्यांच्यापुढे वंशवृद्धीचा हिशेब असतो, हेतूचा प्रश्न नसतो. तो वेगळा विषय आहे. दोहोंची गल्लत करू नये.)

हॉब्ज यांना एवढे उत्तर पुरे. आमच्या धर्मशिक्षकाला मात्र ते पुरणार नाही. सेवेत आनंद झाला म्हणून ती खोटी, असे ते म्हणतच नव्हते. तो आनंद केव्हातरी नकळत मुख्य जागी येऊन बसला होता, आणि परिचारिकेने म्हाताऱ्याची पाठ बरी केली तेव्हाच ते आपल्या ध्यानात आले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रीतीत स्वतःचा अंशही उरू नये काय, आणि उरला तर ती प्रीती म्हणावी काय, हा त्यांचा प्रश्न. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये दोन थोर बिशपांमध्ये नेमक्या याच प्रश्नावर मोठा वाद झाला. तो येथे काहीसा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा निकाल आपल्याकडे नेहमी अर्धवट सांगितला जातो.

फ्रांस्वा फेनेलाँ हे १६९५ पासून कांब्रे येथील आर्चबिशप होते. मादाम ग्युयों या गूढमार्गी विधवेच्या लिखाणाने ते प्रभावित झाले होते. जानेवारी १६९७ मध्ये त्यांनी संतांच्या आंतरिक जीवनाविषयीची वचने स्पष्ट करणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी देवावरील प्रीतीच्या पायऱ्या मांडल्या आहेत. अगदी खालची पायरी म्हणजे देवाच्या देणग्यांसाठी केलेली प्रीती. ती जवळजवळ चाकराची. मधल्या पायऱ्यांवर देवाची ओढ आणि स्वतःच्या सुखाची आशा यांचे मिश्रण कमीअधिक प्रमाणात असते. सर्वांत वर निर्मळ प्रीती. तेथे मनुष्य देवावर केवळ देवासाठी प्रीती करतो. स्वर्गाची आशा किंवा नरकाचे भय त्या प्रीतीचा हेतू म्हणून उरत नाही. हे पटविण्यासाठी संतांनी केलेली एक अशक्य कल्पना त्यांनी पुढे ठेवली. देव माझा त्याग करणार असे मला निश्चित कळले, तरीही मी त्याच्यावर प्रीती करीन काय? मोशेने लोकांसाठी आपले नाव देवाच्या पुस्तकातून पुसले जाण्याची तयारी दाखविली (निर्गम ३२:३२), पौलाने आपल्या बांधवांसाठी ख्रिस्तापासून तुटण्याची (रोम ९:३). फेनेलाँ यांच्या दृष्टीने या कल्पनेच्या सहाणेवरच प्रीतीचे सोने कसाला लागते.

मो येथील बिशप जाक बोस्युए यांना हे सर्वथा अमान्य होते. त्यांनी आधार घेतला तो संत ऑगस्टीन यांचा. सुखाची इच्छा मनुष्याच्या इच्छाशक्तीत निर्माणकर्त्यानेच पेरली आहे. ती काढून टाकू म्हणणारा आपल्या हाताने आपली सावली पुसू पाहतो. शिवाय आशा हा ईश्वरी सद्गुण आहे. श्रद्धा, आशा, प्रीती या तिघींतून आशेलाच घरातून बाहेर काढणारी प्रीती ख्रिस्ती कशी? बोस्युए यांच्या मनात आणखी एक भय होते, आणि ते निराधार नव्हते. मी आता फळाची इच्छाच करीत नाही, असे म्हणणारा मनुष्य हळूहळू मोहाशी झगडणे सोडतो, प्रार्थनेतील मागणे सोडतो, आणि आपण फार उंच पोहोचलो असे समजून स्वस्थ बसतो.

वाद रोमला गेला. दोन वर्षे तेथे खल चालला. फ्रान्सच्या राजाचे वजनही एका पारड्यात पडले होते. अखेर १२ मार्च १६९९ रोजी पोप इनोसंट बारावे यांनी फेनेलाँ यांच्या ग्रंथातील २३ विधाने दोषार्ह ठरविली. फेनेलाँ हे देवावर जास्त प्रीती करण्याच्या नादात चुकले आणि बोस्युए शेजाऱ्यावर कमी प्रीती करण्यात, असे पोप म्हणाल्याचे सांगतात. निर्णयाची वार्ता आली तेव्हा फेनेलाँ प्रवचनाला उभे राहणार होते; योजलेला विषय बाजूला ठेवून ते आज्ञाधारकपणावर बोलले आणि त्यांनी निर्णय शिरसावंद्य मानला, असा वृत्तांत आहे.

आता हा निकाल नेमका काय होता? निर्मळ प्रीती अशक्य आहे असे चर्चने सांगितले, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे. दोषार्ह ठरलेल्या पहिल्याच विधानात कळीचा शब्द ‘स्थायी अवस्था’ हा आहे. जिच्यात स्वहिताच्या हेतूचा कधीच लवलेश नसतो, भय नाही आणि आशाही नाही, अशा प्रीतीत मनुष्य या जन्मी कायमचा वास करू शकतो, हे विधान नाकारले गेले. एखाद्या क्षणी, एखाद्या कृतीत, कृपेच्या साहाय्याने मनुष्य स्वतःला विसरून देवावर किंवा शेजाऱ्यावर प्रीती करू शकतो, हे नाकारले गेले नाही. माझ्या मते या भेदात सारे मर्म आहे. निर्मळ प्रीती ही कृती आहे, मालमत्ता नव्हे. ती कोणाच्या नावावर चढत नाही. आज घडली म्हणून उद्या घडेलच असे नाही, आणि काल घडली नाही म्हणून आज घडणार नाही असेही नाही.

फेनेलाँ यांच्या जीवनातील पुढचा एक प्रसंग या ग्रंथापेक्षाही मला मोलाचा वाटतो. १७०९ साली मालप्लाके येथे घनघोर लढाई झाली आणि जखमी सैनिक व निराश्रित शेतकरी कांब्रेकडे लोटले. आर्चबिशपांनी आपला वाडा त्यांच्यासाठी मोकळा केला. पायऱ्यांची मोजणी तेव्हा कोणी करीत नव्हते.

फेनेलाँ यांचा जन्म १६५१ सालचा. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी गोव्यात बाणावली येथे जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. दोघेही एकाच चर्चचे धर्मगुरू, एकाच वयाचे. एकमेकांचे नावही त्यांनी ऐकले असेल असे वाटत नाही. १६९७ साली पॅरिसमध्ये निर्मळ प्रीतीवर ग्रंथामागून ग्रंथ छापले जात होते, तेव्हा वाझ लंकेच्या डोंगराळ प्रदेशात कँडी येथे होते. त्या वर्षी कँडीत जे घडले ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते.

लंकेचा किनारा डचांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला होता. १६५८ साली जाफना त्यांच्या हाती पडले. कॅथॉलिक धर्मगुरूंना तेथे बंदी झाली. मागे राहिलेल्या भाविकांना पुढील कैक वर्षे संस्कारांवाचून दिवस काढावे लागले. ही वार्ता ऐकून १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात तिकडे गेले. चरित्रकार सांगतात की, जाफन्यात उतरल्यावर ते स्वतःच आमांशाने आजारी पडले आणि एका स्त्रीने पेज आणून दिली म्हणून वाचले. पुढे ते कँडीच्या राज्यात शिरले. तेथे राजा बौद्ध होता. पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. काही काळाने संशय मावळला व त्यांना नगरात वावरण्याची मोकळीक मिळाली.

१६९७ साली कँडीत देवीची साथ पसरली. राजा विमलधर्मसूर्य दुसरा, त्याचे दरबारी आणि ज्यांना जाणे शक्य होते ते सारे नगर सोडून गेले. रोग्याला घरच्यांनीच रानात नेऊन सोडावे, असा प्रकार सुरू झाला. देवीवर त्या काळी ना औषध होते ना लस. जेन्नर यांचा लशीचा प्रयोग १७९६ सालचा. वाझ आणि त्यांचे तरुण सहकारी व आप्त फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. टाकून दिलेल्यांसाठी आसरा उभा करणे, त्यांना भरविणे, त्यांच्या अंगावरील फोड धुणे आणि मेलेल्यांना मूठमाती देणे, हे त्यांचे काम झाले. बौद्ध कोण आणि ख्रिस्ती कोण हा भेद त्यांनी केला नाही. साथ ओसरल्यावर राजाने त्यांना आपल्या राज्यात धर्मकार्याचे अधिक स्वातंत्र्य दिले. राजा स्वतः अखेरपर्यंत बौद्धच राहिला. आराकानहून भिक्षू आणवून बौद्ध संघाची खंडित झालेली उपसंपदा त्यानेच पुन्हा सुरू केली. वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच निवर्तले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांची संत म्हणून घोषणा केली.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो आपण स्वतःच उभा करावा हे बरे. नाहीतर बाहेरचे लोक उभा करतातच. वाझ यांना सेवेचे फळ मिळाले. धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य मिळाले. मग ती सेवा त्याचसाठी नव्हती कशावरून? आपल्या दवाखान्यांविषयी, शाळांविषयी, वसतिगृहांविषयी हेच विचारले जाते, आणि विचारणारे सगळेच द्वेषाने विचारतात असे नाही.

याचे उत्तर देताना घाई करू नये. वाझ यांच्या अंतःकरणात काय होते हे देव जाणे. लंकेतील लोक ख्रिस्ती व्हावेत अशी त्यांची इच्छा होती, हेही लपविण्याचे कारण नाही. आपल्याला जे सर्वोत्तम वाटते ते दुसऱ्याला मिळावे असे वाटणे हा प्रीतीचा भाग आहे, तिला लागलेला कलंक नव्हे. परंतु धर्मकार्याचा लाभ हेच त्यांचे गणित असते तर ते कँडीत थांबते ना. बेटावरील विखुरलेल्या हजारो कॅथॉलिकांसाठी तेथे मूठभर धर्मगुरू होते; देवीने त्यांचा बळी घेतला असता तर सारे कार्य उघडे पडले असते. शहाणपणाने हिशेब करणाऱ्याने, पुढील कार्यासाठी स्वतःला जपले पाहिजे, असे म्हणून राजापाठोपाठ नगर सोडले असते, आणि कोणीही त्याला नाव ठेवले नसते. रानात टाकलेल्या आसन्नमरण रोग्यापाशी देण्यासारखे काही नव्हते, अनुमती देण्याचा अधिकारही नव्हता. फळ आले ते मागाहून, आणि भलत्याच दिशेने आले.

सेवा आणि सौदा यांतील फरक येथे दिसून येतो. समोरच्याने आपला धर्म स्वीकारला नाही तर जी थांबते ती सेवा नव्हती, ती बयाण्याची रक्कम होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेत, विशेषतः गरीब व अशिक्षित यांच्या बाबतीत, दडपण किंवा अनुचित मनधरणी यांचा वासही येऊ देऊ नये, असे बजावले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हेच पुढे नेले. प्रीतीचे कार्य इतर काही साधण्याचे साधन म्हणून करावयाचे नसते. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा मौन राखून केवळ प्रीतीला बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आमच्या धर्मशिक्षकाच्या पारड्यात हे अवश्य टाकले पाहिजे की, चार वर्षांत त्यांनी म्हाताऱ्याला धर्माविषयी एक शब्दही ऐकविला नव्हता.

मग प्रतिफळाचे काय? प्रभू येशूने हा शब्द टाळलेला नाही, ही गोष्ट आपल्याला संकोचात टाकते. डोंगरावरील प्रवचनात गुप्त दानाची शिकवण देताना, गुप्तपणे पाहणारा पिता फळ देईल, असे तो सांगतो (मत्तय ६:१–४). मेजवानीला परतफेड न करू शकणाऱ्यांना बोलवा असे सांगून, नीतिमानांच्या पुनरुत्थानसमयी तुमची फेड होईल, असेही म्हणतो (लूक १४:१२–१४). स्वीडनमधील लूथरपंथी ईश्वरविद्यावेत्ते अँडर्स नीग्रेन यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात ख्रिस्ती प्रीतीतून स्वहिताचा प्रत्येक धागा उपटून काढण्याचा प्रयत्न केला. परंतु या वचनांपुढे त्यांची मांडणी फार ताणावी लागते. क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी बाराव्या शतकात सांगितलेल्या चार पायऱ्या मला अधिक खऱ्या वाटतात. मनुष्य प्रथम स्वतःवर स्वतःसाठी प्रीती करतो, मग देवावर स्वतःसाठी, मग देवावर देवासाठी. आणि चौथी, सर्वांत वरची पायरी म्हणजे स्वतःवर देवासाठी प्रीती करणे. येथे स्वतःचा नाश झालेला नाही. स्वतःची जागा बदलली आहे. संत थॉमस अक्विनास यांनी केलेला भेदही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एखादी वस्तू मला हवी म्हणून वाटणारे प्रेम ते अभिलाषेचे, आणि एखाद्याचे भले त्याच्यासाठी इच्छिणे ते मैत्रीचे. मित्राच्या भल्यात आनंद होणे हे मैत्रीचे फळ आहे. तो आनंद झाला म्हणून मैत्रीची अभिलाषा होत नाही. स्वर्गात धन्यांना आनंद होतो, म्हणून त्यांची प्रीती स्वार्थी असे आपण म्हणतो काय?

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील मेंढरांकडे या दृष्टीने पाहावे. राजाने त्यांची कृत्ये सांगितल्यावर ती चकित होतात. आम्ही हे केव्हा केले, असे विचारतात. त्यांनी हिशेब ठेवलेला नव्हता. निर्मळ प्रीतीचे याहून चांगले वर्णन मला ठाऊक नाही, आणि हे वर्णन बाहेरून, राजाच्या मुखाने आलेले आहे. मेंढरांनी स्वतःविषयी केलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सेवेत आनंद झाला, मान मिळाला, म्हणून ती आपोआप खोटी ठरत नाही. उलट, हेतू शंभर टक्के निर्मळ होईपर्यंत सेवाच करणार नाही असे म्हणणाऱ्याने म्हाताऱ्याच्या पाठीपेक्षा स्वतःच्या अंतःकरणाच्या स्वच्छतेला अधिक महत्त्व दिले. तोही स्वार्थच, जरा सोवळा. म्हणून ‘सोडून द्यावी काय?’ याचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे. तथापि त्यांना वाटलेला विषाद मी मोह म्हणून झटकून टाकला ते चुकले. तो विषाद खरी गोष्ट सांगत होता. प्रीतीची कसोटी मोशे किंवा पौल यांच्या अशक्य कल्पनेत शोधण्याचे कारण नाही, ती रोजच्या जगण्यात समोर येते: ज्याचे भले मी इच्छितो त्याचे भले दुसऱ्याच्या हातून झाले, तर मला आनंद होतो काय? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला आपले शिष्य येशूकडे जाताना पाहून झाला (योहान ३:२९–३०). पौल तुरुंगात असताना काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करू लागले. ख्रिस्ताची घोषणा होते आहे ना, एवढ्यावर त्याने आनंद मानला (फिलिप्पै १:१५–१८). हा आनंद आपल्याला होत नसेल तर तो मागावा, आणि होत नाही हे पापनिवेदनात सरळ सांगावे. निवेदन ऐकणाऱ्याने ओळखले पाहिजे की, समोर दोन प्रकारची माणसे येतात. एक, जिचे मन प्रत्येक सत्कृत्यात खोट शोधून स्वतःला पोखरते. तिला कामाकडे परत पाठवावे आणि स्वतःची तपासणी आवरती घ्यावयास सांगावे. दुसरी, जिला आपल्या सेवेत काहीच खोट दिसत नाही. तिला, तुमच्यावाचून हे काम चालेल काय, एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

आमचे धर्मशिक्षक या दोहोंपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाहीत. त्यांनी माझ्या मदतीवाचूनच पुढचे पाऊल टाकले. दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले. परिचारिकेने काय निराळे केले हे त्यांनी तिलाच विचारले होते. अंथरुणावरील जखमा नुसत्या धुऊन बरे वाटत नाही, पाठीवरचा भार हटला पाहिजे. दर दोन तासांनी रोग्याला कुशीवर वळवावे लागते, असे तिने सांगितले. ते तिने सुनेला आणि शेजारच्या दोन पोरांना शिकविले होते. “चार वर्षांत मी घरातल्या कोणाला काहीच शिकविले नाही,” असे त्यांनी लिहिले आहे. “कोणी शिकावे असे मला वाटले नसावे.” सून शेतावर असते तेव्हा दुपारची पाळी आता ते स्वतः घेतात. म्हाताऱ्याला कुशीवर वळवायचे, घोटभर पाणी द्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा वळवायचे. मधल्या वेळात, पत्रात ते कळवितात, करण्यासारखे काही नसते.